विमलचा हात

चि. अभिराम,

जय मसीह की. पत्र इतक्या उशिरा लिहितोय, माफ कर. महिनाभर पेन उचललं की रागाने परत ठेवून द्यायचो.

त्या रविवारी इंदरगंजच्या सभेत तापाने फणफणलेल्या, शेजारच्या छोट्या गरिमाच्या डोक्यावर तुझ्या विमलकाकूने हात ठेवला आणि ती प्रार्थना करू लागली. तू, आपल्या चर्चचा पाळक, माइकवरून म्हणालास, "काकू, बसा. हा अधिकार पाळकाचा आहे." सगळ्यांसमोर! अरे, लहानपणी तुला दमा उठायचा, तेव्हा हाच हात तुझ्या छातीवर असायचा. तेव्हा अधिकार नाही विचारलास!

मी चौथी शिकलेला माणूस. पण आपण सारी देवाची लेकरं, असं तूच सांगतोस ना? मग लेकराने बापाला हाक मारायला तुझी परवानगी कशाला?

त्या दिवसापासून विमल घरातही प्रार्थना करत नाही. जेवणाआधीसुद्धा म्हणते, "तुम्हीच करा." शुक्रवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. फार भीती वाटते. काल तिला म्हटलं, "डोक्यावर हात ठेव गं." तिने हात पदराखाली घेतला. म्हणाली, "अभिरामला बोलवा, तो देवाचा माणूस आहे."

मग आपण कोणाची माणसं?

तिने पाहिलं तर पाठवू देणार नाही, म्हणून हे पत्र उशीखाली दडवत दडवत लिहितोय. तू ये. माझ्यासाठी प्रार्थना करायला नको येऊस. तिच्यापुढे डोकं वाकव आणि म्हण, "काकू, हात ठेवा." मग तो हात मलाही मिळेल. येतोस की नाही, ते शुक्रवारच्या आत कळव रे.

तुझा काका,
कान्होजी