पिकअप आणि ओढ

महाराजपूर, जबलपूर
गुरुवार दुपार

तीर्थस्वरूप रामकृष्णदादास,

धाकट्या पद्मजाचा वाकून नमस्कार. वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे प्रकृतीने. जिवाला मात्र स्वस्थता नाही. (पत्र आमच्या गल्लीतल्या अमिताच्या हाती पाठवते, ती आज रात्रीच्या बसने नागपूरला निघते आहे. फोनच केला असता, पण मी फोनवर बोलू लागले की ह्यांना नेमकं त्याच खोलीत काम निघतं.)

कॉलेजच्या फाटकाशी मला तर्री-पोह्यांचा ठेला लावायला जागा मिळाली, हे तुला ठाऊकच आहे. सोमवारी सकाळी ठेला तिथे उभा नसला तर जागा दुसऱ्याला जाईल. ठेला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गढा भागात बनवून घेतला. चाकं आहेत, पण शेगडी, टाकी, छप्पर सगळं लोखंडातच जोडलेलं, त्यामुळे वजन काही विचारू नकोस. ट्रॅक्टरवाले गव्हाच्या कापणीत अडकलेले. मी म्हटलं, कसं आणायचं? तर हे म्हणाले, "काहून? आपल्या गाडीचा पिकअप पाहिला न तू?" आता पिकअप म्हणजे रिकामी गाडी किती झटकन पळते ते, आणि ओढ म्हणजे मागचं ओझं जागचं हलवते का ते. पण ह्यांच्या मते जो पळेल तो ओढेलच. (असं असतं तर लोकांनी नांगराला हरणं जुंपली असती.) डिझेलचं इंजिन हळू फिरतानाच जोर लावतं, आमच्या पेट्रोलच्या गाडीला मात्र जोर धरायला आधी खूप फिरावं लागतं, एवढं तर मी तुझ्या जीपमध्ये बसूनच शिकले. गढ्याच्या चढावर ह्यांनी ती इतकी कोकलवली की क्लच जळाला. तो वास अजून माझ्या पदराला आहे.

मग शेजारच्या अपूर्वने त्याची बॅटरीवरची गाडी आणली. खोटं कशाला बोलू, तिने ठेला जागेवरून असा उचलला की आवाज नाही, धूर नाही. पण ओझं लागल्यावर बॅटरी भराभर उतरायला लागली आणि तिच्याबरोबर अपूर्वचं तोंडही. अधारतालच्या मेन रोडवर एका मिठाईच्या दुकानापुढे त्याने ठेला सोडला. म्हणाला, "काकू, आता मी घरी पोचलो तरी बहुत है." मिठाईवाला सारखा फोन करून राहिला आहे, "दीदी, इसे हटाओ ना." मी जाते, ठेल्याला हात लावते, परत येते. पोळी करायला घेतली की पुन्हा जावंसं वाटतं.

हे दिवाळीत चारचौघांत तुझ्या डिझेलच्या जीपला पिठाची गिरणी म्हणाले होते. तो शब्द तेव्हा मला लागला होता, आता ह्यांच्या घशात अडकला आहे. घरात डिझेलचं नाव निघत नाही.

असो. तू काळजी करू नकोस, आमचं आम्ही बघू. वहिनीला नमस्कार.

तुझी,
पद्मजा

ता. क. काळजी कर. रविवारपर्यंत जीप घेऊन ये, जाड साखळीही आण. मी बोलावलं असं मात्र म्हणू नकोस. वहिनीला नर्मदेचं स्नान करायचं होतं म्हण. (तिचा तो हट्ट जुनाच आहे, खोटं होणार नाही.)

पुन्हा ता. क. पत्राची घडी घालत होते, तोच अंगणातून ह्यांचा दबका आवाज आला, "दादा, जीप घेऊन या न. पण पद्मजाले सांगू नका मी फोन केला म्हणून." म्हणजे हे वाचशील तेव्हा तुला सगळं आधीच कळलेलं असेल. तरी पाठवते. तू दारात आलास की मला आश्चर्य वाटेल, ह्यांनाही वाटेल. तू फक्त हसू नकोस.