जवसाचं तेल वाळेपर्यंत

प्रिय दादा,

तुझ्या खोलीच्या लाकडी भिंतींना आज जवसाचं तेल दिलं. चमकदार व्हार्निशच हवं म्हणून बाबांशी भांडून तू गेलास, तेव्हापासून त्या कोरड्याच होत्या. तेल मुरलं तसं लाकूड मधासारखं उजळलं आणि खोलीने झोपेतच कूस बदलल्यासारखं वाटलं.

बाबा दारात आले. "अगं, थापू नकोस, पुसून घे. लाकूड आहे ते, तुझं डोकं नव्हे."

मग भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "वाळायला आठवडा जाईल. तोवर आलाच तर माझ्या खोलीत झोपेल."

कोण, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्याला बोलाव, असं ते म्हणाले नाहीत, म्हणून हे पत्र पोस्टात टाकवत नाही. त्यांच्या खोलीत दुसरी गादी मात्र घातली. एक टोक त्यांनीच धरलं होतं.

तेलकट हातांनी,
तुझी धाकटी