बॅट हेहिरांची धून

मी, होनोरा कॉन्सिडाइन, वय एक्क्याऐंशी, राहणार किलनाग्रीव्ही, जिल्हा क्लेअर, गुडघ्यांनी थकलेली पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही सांगण्याशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. घर व मागचे कुरण माझा पुतण्या फिन्टन यास द्यावे. त्याच्या बायकोला माझ्या घराला प्लॅस्टिकचे दार बसवायचे आहे, खुशाल बसवावे. मात्र आताचे लाकडी दार घरासोबत जाणार नाही. ते गावच्या हॉलला द्यावे. स्वयंपाकघरात मातीची जमीन होती तेव्हा हेच दार बिजागरीतून काढून आडवे टाकत आणि त्यावर नाच होई. आजही सेंट ब्रिजिडच्या सणाच्या दिवशी चौघेजण ते हॉलमध्ये नेतात, कारण तिथली सिमेंटची फरशी पावलांचा आवाज गिळते.

२. माझी बँकेतली शिल्लक त्या सणाच्या चहासाठी, हॅमच्या सँडविचसाठी आणि सणाचे क्रॉस विणायच्या लव्हाळ्यासाठी वापरावी. गावात उंबरे चाळीस, पण एक फेब्रुवारीला दोनशे माणसे जमतात. मांसाच्या कारखान्यातले ब्राझीलचे कामगारसुद्धा आता आमच्यापेक्षा नीट नाचतात. पेग लिलिस नव्वदीची आहे. खुर्चीत बसून ती नाचाच्या फेऱ्या पुकारते आणि चुकणाऱ्याला नावानिशी हाक मारते. या माणसांचा मला फार अभिमान वाटतो. तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे सांगते.

३. आता जे लिहायला बावीस वर्षे लागली ते लिहिते. त्या वर्षी नाचाला रेडिओवाले आले होते. मी काँसर्टिनावर, म्हणजे दोन्ही हातांत धरून वाजवायच्या माझ्या छोट्या भात्याच्या वाद्यावर, एक धून वाजवली. "ही कुणाची?" असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, "माझ्या वडिलांची." आमच्याकडे धून ज्या माणसाकडून आली त्याच्या नावाने ओळखतात. कित्येकांच्या मागे तेवढेच उरते. ही धून शेजारच्या बॅट हेहिरांनी माझ्या वडिलांना शिकवली होती, याच दारावर उभे राहून. त्यांचा मुलगा मलाकी माझ्या शेजारीच व्हायोलिन घेऊन बसला होता.

"होनोरा, विसरलीस का गं?" त्याने हळूच विचारले.

"मला कुणी शिकवू नये," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

त्याने व्हायोलिन पेटीत ठेवले. तेव्हापासून तो दरवर्षी येतो, खुर्च्या मांडतो, चहा पितो आणि पेटी न उघडता घरी जातो. तो वाजवायचा तेव्हा म्हाताऱ्यांना सांधे दुखत असल्याचे आठवत नसे. त्याच्याविना नाच लंगडतो. माझी चूक मला दुसऱ्याच दिवशी कळली होती, पण ताठा आडवा आला. आता माझी बोटेही आखडली आहेत. मलाकी वाजवणार नसेल तर पुढच्या वर्षापासून गाव यंत्रावरच्या गाण्यांवर नाचेल.

म्हणून नोंदवते की, ती धून बॅट हेहिर यांची आहे. दरवर्षी वाजवण्याआधी तसे मोठ्याने सांगावे.

४. माझा काँसर्टिना मलाकी हेहिर यास द्यावा.

५. हे कलम सह्यांपूर्वी, सर्वांसमोर, घालत आहे. ज्याला काही मिळणार नाही अशाच दोघांनी साक्ष द्यावी, असे वकीलबाईंनी बजावले होते. पेगला बोलावले, तर ती दुसरा साक्षीदार म्हणून मलाकीला घेऊन आली. त्याने उभ्यानेच सगळे वाचले. तिसरे कलम पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"काँसर्टिना मला ठेवलायस?"

"हो. म्हणून तुला सही करता येणार नाही. केलीस तर तो जाईल."

"मग जाऊ दे. मला या कागदावर सही करायचीय."

"एवढा चांगला काँसर्टिना सोडतोयस, वेड्या."

"तुझा तुझ्याकडेच ठेव. आठवड्यावर नाच आलाय. बोटं चालतील तेवढं वाजव, बाकीचं मी बघतो."

पेग म्हणाली, "आधी सह्या करा. माझा चहा गार होतोय."

सबब चौथे कलम रद्द. माझ्या मागे काँसर्टिना हॉलचा. तोवर तो मला लागणार आहे.

ठिकाण: किलनाग्रीव्ही, माझे स्वयंपाकघर
दिनांक: २५ जानेवारी २०२४

लिहून देणार: होनोरा कॉन्सिडाइन

साक्षीदार:
१. पेग लिलिस
२. मलाकी हेहिर, बॅट हेहिर यांचा मुलगा