हूक मागेच कशाला?

३ मार्च

चि. ठकूस मावशीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. आज कपाट आवरताना माझी सोन्याची साखळी हाती लागली आणि तू डोळ्यांसमोर उभी राहिलीस. दोन वेण्या, पलंगावर मांडी, पुढ्यात त्याच साखळीची गाठ. मी तर हात टेकले होते. तू गाठीवर चिमूटभर पावडर टाकलीस, दोन सुया घेतल्यास आणि जीभ बाहेर काढून सोडवत बसलीस. तुझे काका म्हणाले होते, ही पोरगी एक तर डॉक्टर होईल, नाहीतर चोर. दागिने घडवणारी होईल हे काही आम्हाला सुचलं नाही!

ताईने फोनवर पुन्हा तेच दळण दळलं. चांगली ऑफिसातली नोकरी सोडून लेक कानशी घासत बसते म्हणे. मार्चअखेर दागिन्यांच्या कारखान्यातल्या तुझ्या मास्तरांनी तुझं डिझाइन निवडून तुला कामाला बसायची स्वतःची बैठक दिली नाही, तर तू मुकाट्याने ऑफिसात परत जाणार, असं कबूल केलंयस. खरं का गं?

साखळी पुन्हा पेटीत गेली. बोटं आखडलीत, मानेमागचा हूक लागत नाही. काका होते तोवर ते लावायचे, आणि दर वेळी मुद्दाम वेळ काढायचे. आता तुम्हा कारागिरांना एकच विचारते. डोळे पुढे, हात पुढे, मग हूक मागेच कशाला?

उत्तराला उशीर झाला तर गट्टी फू.

तुझी मावशी

९ मार्च

ती. मावशीस शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचून मी स्टुलावरून उडालेच! मास्तरांनी माझी सगळी चित्रं परत केली होती. म्हणाले, देखणी आहेत, पण हे घालणार कोण आणि कसं? त्याचं उत्तर मी आता देते. मावशी घालणार, आणि एकटी घालणार!

नव्या हाराचा हूक पुढे आणलाय. गळ्याच्या मधोमध दोन पानं, तेच पदक आणि तोच हूक. आत लोहचुंबक आहे, जवळ आणली की टक्कन चिकटतात. सोन्याला हात लावण्याआधी आम्ही पितळेत करून बघतो, तो नमुना सोबत पाठवतेय. दिवसभर घाल, आणि लाडापोटी खोटं बोलू नकोस. आईला इतक्यात काही सांगू नकोस.

माया पातळ करू नकोस, तुझी ठकू

१४ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद, आणि एक तक्रार.

वि. वि. हार कुणाच्याही मदतीशिवाय लागला! मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवल्यासारखी मान ताठ करून मी घरभर मिरवले. वरच्या मजल्यावरच्या पियानोवाल्या बाईंनीही घालून पाहिला. त्याही माझ्यासारख्याच एकट्या. काढायला तयार होईनात.

मग शिवायला बसले, तर टाचण्या गळ्याशी धावून आल्या. त्यावर कडी म्हणजे, दूध काढायला वाकले तर तुझी पानं फ्रिजच्या दाराला चिकटली. मी मागे सरले, हार तिथेच! तुझ्या लोहचुंबकाला माझ्यापेक्षा फ्रिज आवडतो गं.

पण पुढचा हूक सोडशील तर खबरदार. माझ्या कोटाचं लांबट लाकडी बटण या बोटांनाही जमतं. फासातून टोकाकडून घालायचं, सोडलं की आडवं वळून बसतं. तुझ्या पानाला तसं वागता येईल का? मला त्यातलं काय कळतंय, विचारते आपली. नमुना परत पाठवतेय.

जेवत जा वेळेवर.

तुझी मावशी

२९ मार्च

ती. मावशीस शि. सा. न., आणि एक मिठी.

मिळाली! बैठक मिळाली, खिडकीजवळची!

आता एक पान आणि एक कडी आहे. पान कडीतून टोकाकडून घालायचं, सोडलं की हाराच्या वजनानेच आडवं वळून बसतं. जितकं ओढाल तितकं घट्ट. पितळेत जमल्यावर सोन्यात केला. बोटं आखडल्यासारखी व्हावीत म्हणून मास्तरांनी भट्टीजवळचे जाड हातमोजे चढवले आणि हार स्वतःच्याच गळ्यात घातला, मिशांसकट! मग वाकले, उड्या मारल्या. सगळे पोट धरून हसत होते, मी तेवढी पानावर डोळे लावून उभी. हार हलला नाही. मास्तर म्हणाले, आता या हारामागे तुझ्या नावाचा ठसा मार.

आईला फोन केला. सगळं ऐकून विचारते, मला कसा दिसेल गं?

खरा हार तुलाच द्यायचाय. मास्तरांना मात्र तो दुकानाच्या काचेत हवाय. तू म्हणशील तसं.

तुझी, नाचणारी ठकू

२ एप्रिल

चि. ठकूस आशीर्वाद, आणि शाबासकी!

वि. वि. पत्र वाचलं, जिना चढून बाईंना वाचून दाखवलं, मग दोघींनी मिळून पुन्हा वाचलं. त्यांनी पियानो इतका जोरात वाजवला की खालचे विचारायला आले. आता वाटणी सांगते, नीट ऐक.

खरा हार काचेत जाऊ दे. कुणीतरी अनोळखी बाई तो एकटीने घालील, मला तेवढं पुरे. लोहचुंबकाचा नमुना ताईला, तिच्या फ्रिजच्या दारासाठी. रोज बघेल आणि रोज शेजाऱ्यांना सांगेल. दुसरा पितळेचा नमुना पियानोवाल्या बाईंना. गाठ सोडवलेल्या त्या दोन सुया मी पाठवतेय, त्या तुझ्या बैठकीवर ठेव.

सोबत माझी साखळीही आहे. तिला पुढचा हूक लावून मला परत कर, मी रोज घालणार आहे. आणि मागचा जुना हूक वितळवू नकोस. तोही मलाच.

तुझी मावशी