दार कुठल्या बाजूला उघडतं

प्रिय भोचकबाई,

परवा फोनवर तू विचारलंस, की आजोबा कुठल्याही सभागृहात, दवाखान्यात, अगदी तुझ्या पदवीच्या समारंभालासुद्धा आले, की खुर्ची पकडायच्या आधी दारापाशी का घुटमळायचे, दोनदा दार ढकलून-ओढून बिजागरीवरून बोट का फिरवायचे. मी म्हटलं, सुतार माणूस, जित्याची खोड, आणि जेवण गार होतंय असं सांगून फोन ठेवला. जेवण गार व्हायला आधी शिजावं लागतं. तुझी आई तेव्हा भाजीच चिरत होती. तिने विळीवरचा हात थांबवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरगी तीस वर्षांची झाली. आता सांगून टाका. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, पण माझ्या वडिलांची गोष्ट मला रडल्याशिवाय सांगता यायची नाही." म्हणून आज दुकान बंद ठेवून कामाच्या टेबलावर कागद घेऊन बसलोय. आयुष्यभर लाकडावर रेघा मारल्या, सलग वाक्यं फारशी लिहिली नाहीत. मागचं-पुढचं झालं तर सांभाळून घे.

मला एक धाकटा भाऊ होता आणि तो लहानपणी गेला, इतकंच तुला माहीत आहे. कशाने गेला असं तू एकदा माझ्या आईला विचारलंस, तेव्हा ती म्हणाली तापाने, आणि मी गप्प बसलो. तो तापाने गेला नाही. त्याला आम्ही टिल्लू म्हणायचो. सात वर्षांचा होता, दुसरीत. मी अकरा वर्षांचा, सहावीत. तो अंगठ्याच्या बाजूला भोक पडलेले मोजे घालायचा आणि ते भोक वर दिसू नये म्हणून उजवा मोजा डाव्या पायात चढवायचा. ही युक्ती मी त्याला शिकवली होती. शाळेत जाताना माझ्या दप्तराचा पट्टा धरायचा आणि फाटकापाशी आला की लगेच सोडायचा, कारण त्याच्या वर्गातली पोरं हसायची.

शाळेच्या एका टोकाला हॉल होता, त्याला लागून सामानाची खोली. नाटकाचे पडदे, रंगाचे डबे, मोडकी बाकं, सगळं त्या खोलीत कोंबलेलं. आग तिथे लागली. कशाने लागली ते चौकशी होऊनही शेवटपर्यंत नक्की ठरलं नाही. दुसरीची पोरं तेव्हा हॉलमध्ये गाण्याच्या तालमीला बसली होती, आणि आमचा वर्ग मैदानावर होता. आधी धूर दिसला. मग शिपाईकाका हॉलकडे पळताना दिसले आणि मी त्यांच्यामागे पळालो, कारण टिल्लू आत आहे हे मला ठाऊक होतं. दाराला बाहेरून कडी नव्हती, आतूनही नव्हती. नुसतं लोटलेलं दार होतं. शिपाईकाकांनी खांदा लावला, त्यांच्या शेजारी मी दोन्ही हात लावले. दार दोन बोटं आत गेलं आणि परत आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा तेवढंच. आतून पोरांचे आवाज येत होते, आणि बाईंचा आवाज, "मागे व्हा रे, मागे व्हा." मला वाटलं, दार अडकलंय. मी पाय रोवून जीव खाऊन ढकललं. शिपाईकाका ओरडत होते, "ढकल पोरा, ढकल."

ते दार आत उघडणारं होतं. आतली पोरं बाहेर यायला म्हणून त्याच्यावर रेटत होती आणि आम्ही बाहेरून आत रेटत होतो. एवढी साधी गोष्ट होती, आणि आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नाही. बाईंच्या आली होती. त्या पोरांना मागे सारून दार ओढू बघत होत्या, पण घाबरलेलं पोर मागे होत नाही. अग्निशमनवाल्यांनी खिडकीचे गज कापून बरीच पोरं काढली. नऊ पोरं आणि बाई राहिल्या. टिल्लू दारापाशी सापडला. माझ्या आईला हे सगळं कळलं, पण बाहेरून ढकलणाऱ्यांत मी होतो हे मी तिला कधीच सांगितलं नाही. तुझ्या आईला सांगितलं, ते लग्नाच्या आधी. दुसरी तू.

त्यानंतर लोकांना वाटायचं, हा पोरगा रडेल, मुका होईल, शाळेत जाणार नाही. मला झालं भलतंच. मला दारांचा नाद लागला. जिथे जाईन तिथे दार कुठल्या बाजूला उघडतं हे बघायचं. डॉक्टरांचं आत. पोस्टाचं आत. न्हाव्याचं बाहेर, पण ते दुकान एवढं अरुंद की आत उघडलं असतं तर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावर आदळलं असतं. माणसं दाराकडे बघतच नाहीत हेही तेव्हा लक्षात आलं. ढकलायचं की ओढायचं ते हात आपोआप ठरवतो, आणि चुकला की माणूस ओशाळून इकडेतिकडे बघतो. मी पोस्टासमोरच्या कट्ट्यावर तासन्‌तास बसून हे बघायचो. एक दिवस आईने मला तिथे पकडलं. मी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "दारं बघून तो परत येणार आहे का?" पण बघणं काही सुटलं नाही. तो परत येणार नव्हता हे मला समजत होतं, फक्त दार तसं का होतं हे समजत नव्हतं, आणि ते कोणालाच विचारावंसं वाटत नव्हतं याचं मला नवल वाटायचं.

चौदाव्या वर्षी कळलं की ते दार गावातल्या मिस्त्रींनी केलं होतं. मी तडक त्यांच्या कारखान्यात गेलो. ते रंधा मारत होते. मी विचारलं, "शाळेच्या हॉलचं दार तुम्ही बसवलंत?" ते म्हणाले, "हो." मी म्हटलं, "ते आत का उघडत होतं?" रंधा थांबला. त्यांनी मला विचारलं, "तू कोणाचा?" मी टिल्लूचं खरं नाव सांगितलं, त्याचा भाऊ म्हटलं. त्यांनी रंधा पुन्हा लाकडावर टेकवला आणि म्हणाले, "उद्या ये." दुसऱ्या दिवशी गेलो, पुन्हा तेच, उद्या ये. असे चार दिवस झाले. मीही चिवट. पाचव्या दिवशी ते लाकूड आणायला गेले होते आणि कारखान्यात त्यांची तीन मुलं खेळत होती. थोरली बारा वर्षांची, तिच्या पाठचे दोघे भाऊ. कारखान्याचं दार आत उघडणारं होतं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी त्या मुलीला म्हटलं, "तुम्ही आतून दार दाबून धरा, मी बाहेरून ढकलतो. किती जण लागतात ते बघू." ती म्हणाली, "जोरात दाबू की हळू?" मी म्हटलं, "जोरात." एकटीने दाबलं तर मला उघडता आलं. ती आणि एक भाऊ, तर घाम फुटला पण उघडलं. तिसरा आला आणि दार जागचं हललं नाही. तीन पोरं पुरतात. हॉलमध्ये चाळीस होती.

ती थोरली म्हणजे तुझी आई. आमची ओळख अशी झाली. ती अजून सांगते, की हा वेडा मुलगा दाराबाहेर धापा टाकत होता आणि आम्ही आत हसत होतो, आणि तेवढ्यात बाबा आले.

मिस्त्री, म्हणजे तुझे आजोबा, फळ्या खांद्यावर घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी फळ्या खाली ठेवल्या, मुलांना घरी जायला सांगितलं आणि मला म्हणाले, "झडप धर." मी धरली. त्यांनी बिजागऱ्या सोडवल्या, दार उतरवलं, चौकटीला बाहेरच्या अंगाला नवी खाच घेतली, आणि दिवेलागणीपर्यंत ते दार उलटं बसवलं. आता बाहेर उघडणारं. मग मला आत उभं करून म्हणाले, "ढकल." मी बोट लावलं आणि दार गेलं. मी आणखी चार-पाच वेळा ढकललं. ते बाहेर पायरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. का, याचं उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही. म्हणाले, "शाळा सुटल्यावर येत जा. शिकवतो."

मी त्यांच्याकडे सुतार झालो तो असा. पुढच्या वीस वर्षांत आम्ही दोघांनी या भागातली जेवढी सभागृहं, शाळा, वाचनालयं सापडली तेवढ्यांची दारं उलटी केली. कुठे लोक हसून हो म्हणायचे, कुठे म्हणायचे की मिस्त्री, तुमचं आपलं काहीतरीच. आजोबा वाद घालायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी परत जायचे. तिसऱ्या दिवशीही. एका वाचनालयाचे चिटणीस त्यांना लांबून येताना बघूनच ओरडले होते, "करा बाबा, करा, काय हवं ते उलटं करा." मला तेव्हा वाटायचं, हा त्यांचा स्वभावच आहे, एकदा धरलं की सोडायचं नाही.

माझी आई आमच्या लग्नाला आली, पण व्याह्यांशी बोलली नाही. त्यांच्या घराची पायरीही चढली नाही. मी तिला दोष देत नाही, तूही देऊ नकोस. तू दोन वर्षांची असताना आजोबा एकदा हत्यारांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले आणि न विचारता स्वयंपाकघराचं मागचं दार उतरवायला लागले. आई आतल्या खोलीत जाऊन बसली. दोन तास नुसती ठोकाठोक. काम संपल्यावर ती बाहेर आली, दार एकदा ढकलून बघितलं आणि म्हणाली, "आता ऊन जास्त येतं." मग त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. पुढे ती आठ वर्षं जगली, पण त्यांच्याशी याहून जास्त कधी बोलली नाही.

आता जे लिहितोय ते तुझ्या आईलाही गेल्या वर्षीच कळलं. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा एका दुपारी आम्ही दोघंच होतो. मी त्यांची उशी सरळ करत होतो आणि ते एकदम म्हणाले, "तू पहिल्या दिवशी विचारलं होतंस ना, आत का." मी म्हटलं, "राहू द्या आता." ते म्हणाले, "मला माहीत होतं. गर्दीच्या खोलीचं दार बाहेर उघडावं, हे माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं. मी मुख्याध्यापकांना म्हणालो. ते म्हणाले, व्हरांडा अरुंद आहे, जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना झडप लागेल, आत घ्या. त्यांच्याही मनात पोरांचंच होतं. मी आत घेतलं." आणि पुढे म्हणाले, "मी एकदाच बोललो. दुसऱ्यांदा बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. भला माणूस होता तो."

चव्वेचाळीस वर्षं मी धरून चाललो होतो, की त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या माणसाला मी केव्हाच माफ केलं होतं, त्याची मुलगी केली, त्याच्या हाताखाली राबलो. हा माणूस दुसराच निघाला. मी पुढचे दोन दिवस दवाखान्यात गेलो नाही. तू फोनवर विचारत होतीस, बाबा तिकडे का नाहीत, आणि आईने सांगितलं की सर्दी झालीये. सर्दी नव्हती. मी कारखान्यात बसून त्या उलट्या केलेल्या दाराकडे बघत होतो. खूप राग आला होता, आणि रागाच्या मागोमाग माझा जुना किडा वळवळायला लागला. हे सगळं मनात ठेवून हा माणूस रोज सकाळी उठायचा कसा? माझ्यासारखं पोर रोज डोळ्यांसमोर कशाला ठेवलं त्याने? तिसऱ्या दिवशी मी हेच विचारायला गेलो, आणि गेल्यावर विचारलं नाही. त्यांना गिळवत नव्हतं, चमच्याने पेज भरवली. ते म्हणाले, "सर्दी गेली?" मी म्हटलं, "गेली." नंतर ते अकरा दिवस होते. आम्ही बिजागऱ्यांबद्दलच बोललो.

तू विचारलंस ते सांगून झालं, पण त्यासाठी दुकान बंद ठेवायची गरज नव्हती. ते मी पुढच्या महिन्यात तू आल्यावरही सांगितलं असतं. त्या दिवशी फोनवर आजोबांचा विषय निघायच्या आधी तू तुझ्या कार्यालयातलं काहीतरी सांगत होतीस. शिकवणीच्या वर्गांची ती इमारत, तिसऱ्या मजल्यावर दीडशे पोरं, आणि मागच्या जिन्याला कुलूप लावून तिथे रचलेल्या खुर्च्या. तू पाहणीला गेलीस, साहेबांना सांगितलंस, ते म्हणाले बघू. आणि तू म्हणालीस, "मी एकदा सांगितलंय बाबा, माझं काम झालं," आणि मग हसून आजोबांच्या खोडीवर आलीस. दुकान बंद ठेवलं ते तुझ्या त्या वाक्यासाठी. तुझ्यावर रागावलोय असं समजू नकोस. तुझे साहेबही वाईट नसतील. पण हे पत्र मिळेल त्या दिवशी त्यांच्या खोलीत पुन्हा जा, आणि या वेळी तोंडी सांगू नकोस, लिहून दे. नाही ऐकलं तर दुसऱ्या दिवशी जा. तिसऱ्या दिवशी मला फोन कर. सकाळची गाडी पकडून येईन आणि त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहीन. मला काय, वेळच वेळ आहे, आणि लोक कंटाळेपर्यंत दारात बसायचं कसं, हे मला फार चांगल्या माणसाने शिकवलंय.

फोनची वाट बघत असलेला, तुझाच,
बाबा