पाचवी चौकट

३ सप्टेंबर १९७७

दोनशे कार्डे — आणि एकूण एक नव्या लागणीची! खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाचे, एकही नाही. साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या पाळ्या यंदा पुण्याचे संगणक-यंत्र लावणार; त्याचा प्रोग्राम लिहिणारा आदगोंडा म्हणतो, "साहेब, दोनशे घातली, एक बी चुकलं न्हाई." हाताला येतील ती कार्डे उचलून घालणे, याला तपासणी म्हणतात? निवृत्तीला चार महिने उरले असताना ही ब्याद!

५ सप्टेंबर

आदगोंडाकडून प्रोग्रामची रचना वदवून घेतली आणि फुलस्केपवर आखली. शेतांची नोंद, तारखेप्रमाणे क्रम, गटवार वाटणी, तोडीच्या चिठ्ठ्यांची छपाई — चार चौकटी, तीन बाण. चूक राहायचीच तर बाणावर राहील. एकाने दिलेले दुसरा कसे घेतो, तिथे. प्रत्येक बाणासाठी चार कार्डे मुद्दाम निवडली.

१२ सप्टेंबर

पुण्याहून निकाल. खोडव्याला लागणीची तारीख नसते, म्हणून ती जागा कोरी. दुसऱ्या चौकटीने कोरे ते सर्वांत जुने मानले. सारा खोडवा पहिल्या आठवड्यात तोडायला! दोनशेंना न सापडलेले बारांनी पकडले. आदगोंडा हसतो — "प्रोग्राम न वाचताच धरलंसा की!" हसण्यासारखे यात काय आहे?

२० सप्टेंबर

कामाच्या गर्दीत साळूबाई आल्या. नवरा फौजेत हवालदार. तोडीच्या वेळी उसात उभे राहायला दीर, सासरा कोणी नाही. "आवं साहेब, मालक पौषात रजेवर येत्यात. पाळी तवाच न्हवं?" पाळी आता यंत्र ठरवते, असे त्रासून सांगितले. त्या निवांत म्हणाल्या, "मशीन बी तुमचंच न्हवं?"

१ ऑक्टोबर

दुरुस्तीनंतर बाराही कार्डे बिनचूक. सही केली.

१४ ऑक्टोबर

अंतिम यादी आली. साळूबाईंची पाळी — १९ मार्च! आदगोंडाला फैलावर घेतले. त्याने शांतपणे तारखा दाखवल्या. क्रम बरोबर होता. मग त्यानेच विचारले, "आजवर पौषात कोण लावत हुतं?"

मी. साळूबाईंची आणि आणखी सतरा फौजी घरांची चिठ्ठी दरवर्षी मीच हाताने रजेच्या महिन्यात सरकवतो. नियम नाही, नोंद नाही. कोणी हरकतही घेतली नाही.

१५ ऑक्टोबर

फुलस्केपवर पाचवी चौकट आखली. आत माझे नाव लिहिले. डिसेंबरअखेरच्या निवृत्तीची आठवण झाली. नाव खोडून लिहिले — 'फौजी घरे : रजेचा महिना.' कागद आदगोंडाकडे दिला.