हिवरखेडच्या दोन डिस्क

७ जानेवारी, मंगळवार

चुकीची डिस्क पुसली. दुपारी तीनला लक्षात आलं. तोवर शंभर टक्के झालं होतं.

आमच्या जठारपेठेतल्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या डिस्कवर चिकटपट्टी लावून गिऱ्हाइकाचं नाव नाही, गाव लिहितात. मालक किशोरभाऊंची पद्धत. ‘नावं कोन ध्यानात ठेवते? गाव पक्कं राह्यते.’ अकोट, तेल्हारा, धारणी — वर्षभर कधी अडलं नाही. काल एकाच दिवशी हिवरखेडहून दोन आल्या. दोन्ही एक टीबीच्या (टेराबाइट), एकाच कंपनीच्या. दोन्हींवर ‘हिवरखेड’, माझ्याच अक्षरात.

एक देवीदासची. त्याला जुना कॉम्प्युटर विकायचाय, आतलं काही कुणाच्या हाती लागू नये, म्हणून लो-लेव्हल फॉरमॅट. दुसरी नत्थुजींची. त्यांचा तिथे फोटो स्टुडिओ आहे. डिस्क हळू चालत होती, सगळं नव्या डिस्कवर उतरवून द्यायचं होतं. चौदा वर्षांचे फोटो!

सुरू करण्याआधी सिरियल नंबर पडताळायचा असतो. मी पडताळला नाही. डबा खायची घाई होती.

८ जानेवारी

लिहून ठेवते, म्हणजे स्वतःला फसवता येणार नाही. साध्या फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका जाते. पानं जागेवर असतात, परत मिळतात. लोक ज्याला लो-लेव्हल म्हणतात त्यात प्रत्येक जागी शून्य लिहिलं जातं. शून्याखाली काही उरत नाही.

तरी तीन प्रोग्रॅम चालवले. काही नाही.

किशोरभाऊंना सांगितलं. ते ओरडले नाहीत — ओरडले असते तर बरं. म्हणाले, ‘डिस्क आधीच गेली होती म्हन. दुकानाचं नाव आहे.’

१२ जानेवारी, रविवार

डिस्क घेऊन अमरावतीला गेले. पॉलिटेक्निकमधला माझा वर्गमित्र ललित तिथे गेलेला डेटा परत मिळवून देतो. दहा मिनिटं पाहिलं, मग चहा मागवला. तेव्हाच कळलं. दुसरीकडे कॉपी आहे का, एवढं त्याने विचारलं. नव्हती.

परतीच्या बसमध्ये रडू आलं नाही.

१३ जानेवारी

नत्थुजी आले. साठीचे. खिशात लेन्स पुसायचं फडकं. मी म्हटलं, काका, डिस्क आधीच गेलेली होती. वाक्य न अडखळता निघालं.

त्यांनी डिस्क उलटसुलट करून पाहिली. ‘येतानी एसटीत पिशवी आपटली होती. त्यानंच झालं असन काय?’

मी मान हलवली — हो की नाही ते कळू नये इतकीच. त्यांनी हो धरलं. डिस्क फडक्यात गुंडाळली, माझे आभार मानले. आभार!

२१ जानेवारी

देवीदास त्याची डिस्क न्यायला आला. ती आता पुसलेली आहे. बोलका माणूस.

हिवरखेडात कुणी गेलं की हार घालायचा फोटो काढून घ्यायला लोक नत्थुजींकडे जातात. कुणाच्या तरी लग्नात, पंगतीत तो माणूस सापडतोच. मागच्या आठवड्यात गावातल्या माणिकबाईंचा नवरा वारला. त्याचा एकट्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून ठेवला. चेहरा दिसत नाही, नुसते ठिपके, म्हणाला.

आणि हसत म्हणाला, ‘आख्खं गाव एसटीत सांडून आला बुढा. आता कोनी पाय नाही ठेवत त्याच्या दुकानात.’

त्याची डिस्क पिशवीत घालून दिली.

२२ जानेवारी

येत्या रविवारी हिवरखेडला जाऊन नत्थुजींना खरं सांगणार.

२७ जानेवारी

रविवारी जायचं ठरवलं होतं. गेले नाही. एसटी स्टँडपर्यंत गेले आणि परत आले. माझ्याएवढी भित्री मुलगी मी पाहिलेली नाही.

१ फेब्रुवारी

किशोरभाऊंना म्हटलं, मी नत्थुजींना खरं सांगणार. ‘सांग. मंग सोमवारपासून येऊ नको.’

दुकानाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली.

२ फेब्रुवारी, रविवार

हिवरखेडला गेले. सगळं सांगितलं. नत्थुजी कॅमेरे पेटीत भरत होते. थांबले नाहीत.

‘मले मालूम आहे, बाई. त्याच रोजी घरी लावून पाह्यली. मेलेली डिस्क कटकट करते, नाही तं कॉम्प्युटरवर दिसतच नाही. हे तं चुपचाप पुरी एक टीबी दाखवून राह्यली. कोरी.’

मग गावाला पिशवी आपटल्याचं का सांगितलं?

‘तुह्यं नाव सांगून मानिकबाईचा नवरा दिसला असता काय? माह्यं दुकान मोबाईलनं तसंही खाल्लं होतं. तुही नोकरी तरी राह्यली.’

कालच गेली, हे मी त्यांना सांगितलं नाही.